शिशाची माती कुणाच्या वाट्याला?

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीय आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं. ते साम्य ईस्ट शिकागो शहराच्या मातीतही सापडतं.

तिथे शिसं गाळण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर १९७२ साली सरकारी वसाहत उभी राहिली. राहायला आली बहुतांश गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. तरी हा परिसर सफाईच्या राष्ट्रीय यादीत आला २००९ साली, आणि हजारावर रहिवाशांना घरं सोडायला सांगितलं २०१६ साली! उपाय ठाऊक होता: विषारी माती खणून काढायची, स्वच्छ माती भरायची.

माती जात पाहत नाही, जागा वाटणारे पाहतात. वाशिमच्या तरुणांनो, गावकुसाबाहेर घरकुलाची जागा मिळाली की आधी विचारा, इथे पूर्वी काय होतं?

जय भीम!