वृद्धांची शुश्रूषा : चार देशांतील कायद्यांचा तौलनिक विचार

पूर्वेकडे वृद्धांचा सांभाळ पुत्र करितात व पश्चिमेकडे तो सरकार करितें, असें विधान वारंवार ऐकूं येतें. मूळ साधनें पाहतां तें टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या ताडपत्री पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र छापिलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत, सामर्थ्य असून आईबापांस न पोसणाऱ्यास १२ पण दंड सांगितला आहे. निराधार वृद्धांचें पोषण मात्र राजाकडे दिलें आहे. इंग्लंडांत १६०१ च्या कायद्यानें अशा वृद्धांचा भार स्थानिक पॅरिशवर टाकिला, तरी समर्थ अपत्यांचें दायित्वहि कायम ठेविलें. तें १९४८ सालीं संपलें. म्हणजे पुत्र आणि शासन हे दोघेहि दोन्हीकडे होतेच.

खरा भेद निराळा आहे. इ. स. ७५७ त अमलांत आलेल्या जपानच्या योरो संहितेंत नाणें न मोजतां माणसें मोजिलीं आहेत : ८० वर्षांच्या वृद्धास १ सेवक, ९० वर्षांच्यास २, व शंभरी गांठलेल्यास ५. हे सेवक प्रथम पुत्रपौत्रांतून व ते नसल्यास आप्तांतून घ्यावयाचे.

आजचे कायदेहि ह्याच दोन वाटांनीं गेलेले दिसतात. जपानांत २००० पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. त्याची वर्गणी ४० व्या वर्षापासून द्यावी लागते, आणि लाभ मुख्यतः प्रत्यक्ष सेवेच्या रूपानें मिळतो. जर्मनीच्या १९९५ च्या विम्यांत सेवा किंवा रोख रक्कम ह्यांतून निवड करितां येते. भारताच्या २००७ च्या कायद्यानें आईबापांस अपत्यांकडून निर्वाहाची रक्कम मागतां येते. त्या कायद्यांत तिची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठरविली आहे. हें साम्य परंपरेचें नव्हे, विचाराच्या रीतीचें होय. परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची कूस पैसा बदलीत नाहीं. त्यास हात लागतो.

कायदा म्हणजे आचार नव्हे. आमच्याकडे वृद्धांजवळ कोण राही, रात्रीं कोण उठे, हें कळण्यास वाटणीपत्रें व घरगुती पत्रें हींच साधनें होत. राजकीय पत्रांच्या शोधांत असे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. संग्राहकांनीं ते टाकूं नयेत, व आढळल्यास प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे.