आभासी संगणकाला खरं यंत्र जोडताना

आभासी संगणक म्हणजे काय, तर एका खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा, स्वतःला स्वतंत्र समजणारा दुसरा संगणक. अशा संगणकाला खरा प्रिंटर किंवा खरं उपकरण जोडायचं कसं? प्रश्न आजचा वाटतो, पण तो साठ वर्षं जुना आहे.

अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली आणि 1967 साली वापरात आली. एकाच यंत्रावर 14 आभासी संगणक चालत. आता बघा, प्रोसेसरचा वेळ वाटून देता येतो. प्रिंटर कसा वाटणार? दोघांनी एकदम छापायला घेतलं तर ओळींची खिचडी होईल. म्हणून प्रत्येकाला एक मानीव प्रिंटर दिला. त्यावर छापलेलं आधी डिस्कवर साठायचं आणि मग क्रमाने कागदावर उतरायचं. टेप ड्राइव्हची गोष्ट वेगळी. विहीर सामाईक असली तरी पोहरा एका वेळी एकाच्याच हातात असतो ना, तसा तो एका वेळी एकाच आभासी संगणकाच्या हवाली केला जाई. 1972 मध्ये आलेल्या व्हीएम/३७० मध्येही हीच रीत होती.

खरी अडचण पत्त्यांची. प्रत्येक आभासी संगणकाला वाटतं, आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. प्रोसेसर तो पत्ता बदलून खरा करून घेतो. पण उपकरणं मेमरीशी परस्पर व्यवहार करतात. त्यांना हा भ्रम ठाऊकच नसतो. दिलेला पत्ता ती खराच मानतात. म्हणजे एकाचा मजकूर थेट दुसऱ्याच्या घरात! म्हणून नियंत्रक प्रणाली उपकरणासाठीचा प्रत्येक आदेश वाचून त्यातले पत्ते बदलायची, मगच पुढे पाठवायची. सुरक्षित, पण वेळखाऊ.

1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी आभासी संगणकाच्या अटी गणिती काटेकोरपणे मांडल्या. तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोह पडावा असा तो लेख आहे. पण गंमत पाहा, सोपेपणासाठी त्यांनी आपल्या प्रारूपातून उपकरणांचे आदेश वगळले. सिद्धान्त स्वच्छ झाला, अवघड भाग मात्र कारागिरांकडेच राहिला.

पुढे 1999 मध्ये व्हीएमवेअरने साध्या पीसीवर आभासी संगणक आणला, तेव्हा तोच पेच परत आला. यूएसबी उपकरण त्यामानाने सोपं, कारण मूळ संगणकाची प्रणाली मध्ये मध्यस्थ राहते. ग्राफिक्स कार्ड थेट हवाली करणं धोक्याचं; ते मेमरीत कुठेही लिहू शकतं. 2006 च्या सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी यावर उपाय मांडला. उपकरणाच्या पत्त्यांवर पहारा ठेवणारा भाग हार्डवेअरमध्येच बसवायचा, त्याचं नाव आयओएमएमयू. 2012 मध्ये लिनक्समध्ये व्हीएफआयओ आलं आणि ही सोय सर्वसामान्य वापरात आली.

पण याला किंमत आहे. निव्वळ आभासी संगणक चालू असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवता येतो. खरं कार्ड जोडलं की तो साधारणपणे त्या यंत्राला बांधला जातो. प्रयोगशाळेतलं एखादं जुनं उपकरण जुन्याच प्रणालीवर चालतं, म्हणून ती प्रणाली आपण आभासी संगणकात जपतो; पण उपकरणाची वायर ज्या यंत्रात खोचली, ते यंत्र सांभाळावंच लागतं. मला यात दोष दिसत नाही. जगाशी संबंध ठेवायचा, तर कुठेतरी ठावठिकाणा असावाच लागतो.