माता गेली, फोडणी पडली

दारावर कडुलिंबाची डहाळी खोचलेली दिसली की यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पाव्हणा उंबऱ्यावरूनच मागं फिरायचा. घरात माता आलेली असायची. मोठी माता म्हणजे देवी, छोटी माता म्हणजे कांजण्या, आणि गोवरही त्यांच्याच गोतावळ्यातला. पुढं मी आरोग्यसेविका झाले, घाटंजीकडच्या खेड्यांत नोकरी केली, तेव्हा कळलं की तिन्हींचे विषाणू वेगवेगळे. घरच्यांचं वागणं मात्र तिन्हींना सारखंच.

मी सात-आठ वर्षांची असताना मला छोटी माता आली. आजीनं मला आतल्या खोलीत, लिंबाचा पाला अंथरून त्यावर धोतर टाकून निजवलं. माझ्याजवळ येणार ती एकटीच. खाज सुटली तर नख लावायचं नाही, डहाळीनं अंगावरून वारं घालायचं. घरात फोडणी बंद, तळण बंद. वरण-भात, ताक, भाकर. बाबांनी दाढी केली नाही, आईनं वेणी घातली नाही. आई पहाटे उठून गावाबाहेरच्या मातामायवर तांब्याभर गार पाणी ओतून यायची. मातामाय म्हणजे लिंबाखाली शेंदूर फासलेले सात दगड, एवढंच. वऱ्हाडात असं ठाणं नसलेलं गाव शोधावं लागेल.

या कोंडून ठेवण्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते बाहेर येण्याबद्दल. त्याची रीत आतल्या नियमांइतकीच काटेकोर होती आणि तिच्याकडं कोणी फारसं पाहिलं नाही.

न्हाणं विषम दिवशी. त्याआधी आजी माझा हात उजेडात धरून एकेक खपली बघायची. ओला फोड दिसला की न्हाणं पुढं ढकललं. शेवटी ठरलं तेव्हा घंगाळात पाणी भरून, त्यात लिंबाचा पाला आणि हळद टाकून ते सकाळपासून अंगणातल्या उन्हात ठेवलं. चुलीवर तापवायचं नाही. दुपारी त्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं. अंथरूण धुवायला गेलं, पाला गावाबाहेर टाकला, खोली शेणानं सारवली. मग धुवट झगा घालून, अनवाणी, मातामायला. दहीभाताचा निवद, नारळ, हिरव्या बांगड्या, खण.

परत येताना खोबऱ्याचा प्रसाद आईनं माझ्याच हाती दिला आणि आळीतल्या प्रत्येक घरी मलाच पाठवलं. बायका दारात यायच्या, माझ्या हातून प्रसाद घ्यायच्या. "निघाली का वं माय?" "निघाली." एवढं बोलणं झालं की विषय संपला. दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणी मला खेळायला बोलवायला आल्या. त्या संध्याकाळी आईनं वरणाला जिरं-लसणाची फोडणी दिली. ती चर्र वाजली तशी पलीकडची काकू भिंतीवरून ओरडली, "आता येतो बाप्पा चहाले!"

आजीचं खपल्या बघणं वेडगळ नव्हतं. देवीच्या रोग्यापासून शेवटची खपली गळून पडेपर्यंत लागण होऊ शकते, हेच वैद्यकही सांगतं. कांजण्यांत तर सगळ्या फोडांनी खपली धरली तरी पुरतं. म्हणजे आमच्या आज्या हिशेबात चुकल्याच तर सावधपणाकडं चुकत होत्या.

पण या रिवाजाची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. मोठ्या मातेत लस न टोचलेल्या दहांपैकी तिघं दगावत, वाचले त्यांतल्या काहींचे डोळे जात. हिंदुस्थानात पहिली लस 14 जून 1802 ला मुंबईत टोचली गेली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तरी पुढं दीड-पावणेदोनशे वर्षं देवी राहिल्या. देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, गावात आला की मायबाया लेकरं कणग्यांमागं लपवायच्या, माता कोपेल म्हणून. गोवरात तर मी स्वतः पाहिलंय, माता आहे म्हणून लेकरू घरीच ठेवलं, औषध नाही, आणि ते न्यूमोनियानं गेलं. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात 1985 ला आली. ती घेऊन मी दारोदार फिरले तेव्हा डहाळीशी माझं भांडणच होतं.

गावात तिसराही प्रवाह होता. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या बौद्ध वस्तीतल्या बहुतेक घरांनी मातामायची पूजा सोडली. कांजण्या निघाल्या की पाला तिथंही यायचा, निवद नाही. त्या घरच्या बायका लस टोचून घ्यायला सगळ्यांत आधी यायच्या, हेही नोंदवून ठेवते.

देवी संपवताना सरकारनंही रोग्याला घरातच ठेवलं. 1974-75 मध्ये बिहारकडं रोग्याच्या दाराशी रात्रंदिवस पहारेकरी बसत. रोग्याला बाहेर पडू द्यायचं नाही आणि आत जाणाऱ्याला आधी लस टोचायची. देशातला शेवटचा रोगी 24 मे 1975 ला आसामातल्या करीमगंजला सापडला. डहाळीचं काम पगारी माणसानं केलं, इतकंच.

मग करोना आला. 16 मार्च 2020 ला राज्य सरकारनं घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचं ठरवलं. दारावर पाटी, हातावर शाई. आत घालायची तजवीज चोख होती. बाहेर येण्यासाठी होता एक कागद. जुलै 2020 च्या केंद्राच्या सूचनेत लिहिलं होतं की लक्षणं सुरू झाल्यापासून 10 दिवस झाले आणि 3 दिवस ताप नसला की विलगीकरण संपलं, पुढं 7 दिवस घरीच तब्येतीवर लक्ष ठेवा, पुन्हा तपासणीची गरज नाही. शास्त्र बरोबर होतं. मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे तपासणीत सापडू शकतात, म्हणून ती अटच नको. पण हे आळीला कोण सांगणार?

फेब्रुवारी 2021 मध्ये दुसरी लाट राज्यात सगळ्यांत आधी अमरावती-यवतमाळकडं उसळली, तेव्हा मीही घरी पडले. मुदत संपली, बरी झाले, तरी दूधवाला पातेलं फाटकाच्या खांबावर ठेवायला सांगे. ओळखीच्या एका पोराला दुकानमालक म्हणाला, निगेटिव्ह रिपोर्ट आण, मग कामावर ये. जो रिपोर्ट सरकार मागत नव्हतं तो दुकान मागत होतं. त्या दिवसांत मला सात दगडांची नाही, प्रसादाच्या वाटीची आठवण आली. लिंबाच्या पाण्यानं रोग जात नाही. बरं झालेल्या माणसाच्या हातून काहीतरी घेऊन खाणं, आणि तेही चारचौघांत, याची सोय मात्र त्या रिवाजानं केली होती. आम्ही आरोग्य खात्यातल्यांनी अंधश्रद्धा म्हणून तोही भाग फेकून दिला आणि त्या जागी काही ठेवलं नाही.

फाल्गुन-चैत्रात कांजण्या निघतातच. पुरळ उठल्यापासून साधारण 5 ते 7 दिवसांत सगळे फोड सुकून खपली धरतात. त्यानंतर ते लेकरू कोणाला लागण देत नाही. तोवर घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर आधी आरोग्य केंद्रात विचारा. खपल्या धरल्या की शेजाऱ्यांनी त्या घरी जाऊन चहा घ्यावा. आणि गुरुजी, बाई, लेकरू शाळेत परतलं की त्याला त्याच्या नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच सोबत्याशेजारी बसवा.