भुतांची नावे, माणसांची दुःखे

सौंसरजवळील जामसावळी येथे पिंपळाखाली मारुतीची पहुडलेली मूर्ती आहे. ‘बाधा’ झालेल्या आप्तांना घेऊन असंख्य कुटुंबे तेथे येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. लोकसमजुतींनी मात्र राज्याची सीमा कधी मानली नाही.

मराठी मुलखातील भुतांची नावे पाहिली, तर त्यांमागे अपुरी राहिलेली आयुष्ये दिसतात. मुंज होऊन लग्नापूर्वी वारलेला मुलगा तो मुंजा. त्याचा वास पिंपळावर. बाळंतपणात दगावलेली स्त्री ती हडळ. ‘खवीस’ हा शब्द तर अरबीतून आला. म्हणजे भयानेही धर्माची वेस ओलांडली. यहुदी लोककथांतील ‘डिब्बुक’ हा जिवंत माणसाला चिकटलेला मृतात्मा. आपल्याकडेही भूत ‘लागते’च. ख्रिस्ती शुभवर्तमानांत येशू भुते काढतो, तर कुराणात जिन्न अग्नीपासून निर्माण झालेले आहेत.

ज्या समाजात बालमृत्यू आणि बाळंतिणींचे मृत्यू नित्याचे होते, त्याने आपला शोक या नावांत जपला. म्हणून ही नावे अभ्यासावीत. परंतु पीडिताला केवळ त्यांच्या हवाली करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. मारुतीपुढे माथा टेकवूनही वैद्याचे दार ठोठावता येते.