व्रण, शस्त्रक्रियेनंतरचे

शस्त्रक्रियेसाठी घेतलेल्या छेदाची कातडीवर राहणारी खूण. अंतस्त्वचेपर्यंत गेलेला कोणताही छेद खूण ठेवूनच भरतो आणि ती समूळ पुसून टाकणारा उपाय आज उपलब्ध नाही. व्रण अरुंद, सपाट, आसपासच्या कातडीच्या रंगाचा आणि जमल्यास एखाद्या नैसर्गिक घडीत दडलेला असावा, एवढेच साधता येते. त्यातला मोठा भाग ऑपरेशनच्या टेबलावर ठरतो. औषधांच्या दुकानातल्या ट्यूबकडे रुग्णाचे लक्ष जाईपर्यंत बरेचसे ठरून गेलेले असते.

घडण : छेदानंतर रक्त गोठते, पहिले काही दिवस दाह राहतो आणि पुढचे सुमारे तीन आठवडे फायब्रोब्लास्ट पेशी घाईघाईने कोलॅजेन तयार करतात. त्यानंतरचे काम संथ असते. आधी घातलेले तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन मोडून त्या जागी पहिल्या प्रकारचे येते. ही उलथापालथ वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ चालते. निरोगी कातडीत कोलॅजेनचे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, व्रणात ते बहुतांशी एकाच दिशेने पडतात. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी तिथे परत येत नाहीत. तीन आठवड्यांनी जखमेचे बळ मूळ कातडीच्या एकतृतीयांशाहूनही कमी असते, तीन महिन्यांनी ते सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचते आणि पुढे फारसे वाढत नाही. टाके काढल्यावर सुबक दिसणारी रेघ नंतर रुंदावते ती यामुळेच. व्रण सर्वांत लाल, कडक आणि खाजरा असतो तो पहिल्या महिन्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत. रुग्ण घाबरून परत येतात तेही याच काळात. अंतिम रूप वर्षापूर्वी ठरवू नये.

छेदाची दिशा : कातडीतील ताण सर्व दिशांना सारखा नसतो. फ्रान्समधील शल्यचिकित्सक द्यूपुत्रां यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. गोल टोच्याने झालेल्या जखमा गोल न राहता लांबट फाकलेल्या होत्या. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी शवांच्या अंगभर अशी भोके पाडून ती कोणत्या दिशेने ताणली जातात याचा नकाशा १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. ‘लँगरच्या रेषा’ म्हणून तो आजही शिकवला जातो. मात्र शवाची कातडी आणि हसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाची कातडी यांत फरक पडतो. चेहऱ्यापुरत्या तरी, स्नायू सैल असताना कातडी चिमटीत धरून दिसणाऱ्या घड्यांच्या रेषा अधिक विश्वासार्ह ठरल्या. त्यांचा पाठपुरावा शल्यचिकित्सक बोर्जेस यांनी केला. कपाळावर आडवा, डोळ्याच्या कोपऱ्याशी हास्यरेषेत आणि मानेवर घडीत घेतलेला छेद वर्षभराने शोधावा लागतो. कोखर यांचा थायरॉइडसाठीचा गळपट्टीसारखा आडवा छेद आणि फानेनश्टील यांनी १९०० मध्ये वर्णिलेला ओटीपोटाचा आडवा छेद या तत्त्वाला धरून आहेत. आज बहुतेक सिझर याच आडव्या छेदातून होतात. तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियेत मात्र उभाच छेद घ्यावा लागतो, कारण तिथे प्रश्न दिसण्याचा नसून वेळेचा असतो. छातीच्या मध्यावरचा बायपासचा छेद आणि खांद्यावरचा छेद कितीही जपले तरी उठून येण्याचा धोका राहतो. या दोन्ही जागा सतत ओढल्या जातात.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत खोलगट भाग वर आणणारे उत्सादन, वाढलेले मांस खाली बसवणारे अवसादन, पांढरट पडलेल्या जागेला काळपट करणारे कृष्णकर्म, काळ्या पडलेल्या जागेला उजळवणारे पांडुकर्म आणि केस पुन्हा यावेत यासाठीचे रोमसंजनन हे उपक्रम येतात. म्हणजे जखम भरली की काम संपले, असे या ग्रंथाला मान्य नव्हते. टाक्यांचे प्रकारही त्यात नावानिशी दिलेले आहेत : वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी.

पुण्याजवळ १७९३ च्या सुमारास झालेल्या एका शस्त्रक्रियेची सविस्तर हकीकत उपलब्ध आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकत असे. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. इंग्रजी वृत्तांतात या कारागिराची जात विटा करणाऱ्यांची म्हटली आहे, नंतरच्या लेखनात त्याला कुंभारही म्हटलेले आढळते. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज सर्जनांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी लिहिलेले पत्र चित्रासह छापले. चित्र जेम्स वेल्स यांनी केलेल्या तसबिरीवरून होते.

पद्धत अशी. नाकाच्या उरलेल्या भागावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोलून घ्यायची. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे नवी जागा धरेपर्यंत रक्तपुरवठा चालू राहतो. नाकाच्या खुंटाच्या कडा ताज्या करून कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि छेदात बसवायची. टाके घालत नसत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवत. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे झोपवत, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालत आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापत. या कोशनोंदीच्या दृष्टीने पत्रातील महत्त्वाची बाब शेवटी येते : काही काळाने कपाळावरचा व्रणही फारसा नजरेत भरत नाही, असे पत्रलेखक सांगतो. दात्या जागेच्या खुणेचीही दखल घेण्याइतका हा निरीक्षक चोखंदळ होता. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये याच धर्तीवर शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तांत छापला. सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे, पुण्यात कपाळाची घेतली गेली. या दोन्हींमधला दुवा किती थेट मानावा, याविषयी एकमत नाही.

स्वतंत्र भारतात सुघटन शल्यचिकित्सेचा वेगळा विभाग सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये उभा केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात नोशीर अंतिया यांनी भाजलेल्या व कुष्ठरोगाच्या रुग्णांवर मोठे काम केले.

टाके : चांगल्या व्रणाचे मर्म वरच्या टाक्यात नसते, आतल्या टाक्यात असते. ताण अंतस्त्वचेतील विरघळणाऱ्या धाग्याने पेलायचा आणि वरच्या धाग्याने कडा फक्त एका पातळीत आणायच्या. सुई कातडीत काटकोनात शिरली आणि वरच्यापेक्षा खाली थोडी रुंद फिरली, की गाठ आवळताना कडा किंचित वर उमलतात. पुढे आकसून त्या सपाट होतात. सुरुवातीलाच सपाट ठेवलेली कड मात्र नंतर खड्ड्यासारखी दिसते. कडा चिमट्याने चेचू नयेत, गाठ आवळून कातडी पांढरी पडू देऊ नये. रेल्वेच्या रुळांसारख्या आडव्या खुणा पडतात त्या घट्ट आणि जास्त दिवस राहिलेल्या टाक्यांमुळे. म्हणून चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत, धडावरचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. कातडीखालून नागमोडी नेलेल्या टाक्याने हा प्रश्न मुळातच येत नाही. धाग्याऐवजी सायनोॲक्रिलेट गोंद किंवा स्टेपलही वापरतात. कमी ताणाच्या छोट्या छेदात गोंदाचा निकाल टाक्यांच्या तोडीचा येतो. जखम पिकली तर मात्र हे सारे कसब वाया जाते.

जखम भरल्यानंतर : सर्वांत स्वस्त उपाय मायक्रोपोर ही कागदी चिकटपट्टी. टाके काढल्यावर ती व्रणावर लांबीने लावून ठेवायची, सुटली की बदलायची, आणि असे सुमारे तीन महिने करायचे. सिझरच्या व्रणांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टी लावलेल्या स्त्रियांमध्ये उठावाचे व्रण कमी आढळले. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल भाजलेल्या व्रणांसाठी ऑस्ट्रेलियात १९८२ पासून वापरात आले. पट्टी दिवसाचे किमान बारा तास आणि दोन-तीन महिने तरी लावावी लागते. ती रोज साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा तीच वापरता येते. आपल्या दमट हवेत पट्टीखाली घामोळे आले, तर दोन दिवस थांबून जेलवर यावे. ती काम करते ते दाबामुळे नाही, तर वरच्या थरातला ओलावा टिकवल्यामुळे, असे मानतात. पुराव्यांचा दर्जा फारसा भक्कम नाही. तरी अपाय जवळजवळ नसल्याने जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत ती पहिल्या फळीत आहे. जखम पूर्ण मिटल्यावर अंगठ्याने दाबून, गोल फिरवत दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे मालिश सांगितले जाते. ऊन टाळणे भारतीय कातडीला विशेष गरजेचे : सावळ्या वर्णात व्रण लाल राहण्यापेक्षा काळा पडण्याची शक्यता जास्त असते. धूम्रपानाने जखम उशिरा भरते.

मलमे व घरगुती उपाय : ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावण्याची प्रथा दूरवर पसरलेली आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अमेरिकी अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही, उलट सुमारे एकतृतीयांश रुग्णांना त्या जागी पुरळ उठले. कांद्याच्या अर्काच्या जेलांविषयीचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. खोबरेल तेल मालिश करताना बोट सरकण्यापुरते उपयोगी. लिंबाचा रस लावू नये, उन्हात त्याने कातडी भाजून आणखी काळी पडते.

पथ्य : भात, वांगे किंवा आंबट खाल्ल्याने टाके पिकतात या समजुतीला आधार नाही. डाळी, अंडी, दूध बंद केल्याने मात्र प्रथिनांची तूट पडते.

उठावाचे व्रण व केलॉइड : दोन्ही उंच, कडक आणि खाजरे असतात, उपचार मात्र वेगळे म्हणून ओळख पटायला हवी. उठावाचा व्रण छेदाच्या हद्दीतच राहतो आणि एक-दोन वर्षांत बऱ्याचदा आपोआप बसतो. केलॉइड हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी कातडीत पसरतो आणि आपोआप जात नाही. कानाची पाळी, छातीचा मध्य, खांदा आणि जबडा या त्याच्या नेहमीच्या जागा. गडद वर्णाच्या लोकांत आणि काही कुटुंबांत तो जास्त आढळतो. ज्याला कान टोचल्यावर गाठ आली, त्याने कोणत्याही ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी ते सर्जनला सांगावे. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट गाठीत टोचणे हा मुख्य उपचार. मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम तीव्रतेची इंजेक्शने काही आठवड्यांच्या अंतराने देतात. ती दुखतात, आणि कातडी पातळ किंवा पांढरी पडू शकते. काही जण त्यात ५-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात. केलॉइड नुसता कापून काढल्यास बहुधा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून छाटणीनंतर इंजेक्शने, कानाच्या पाळीला दाबाची चाप किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू केलेले किरणोपचार यांची जोड देतात. तरुणांत आणि थायरॉइडजवळच्या भागात किरणोपचार कितपत द्यावेत, हा वादाचा मुद्दा आहे.

सुधार-शस्त्रक्रिया : व्रण पक्व झाल्यावर, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षाने, तो छाटून पुन्हा शिवता येतो. मुळात ताण किंवा संसर्ग यांमुळे बिघडलेल्या व्रणात याचा फायदा होतो. चांगल्या हाताने शिवलेला व्रण पुन्हा छाटून क्वचितच सुधारतो. ‘झेड-प्लास्टी’त व्रणाच्या दोन टोकांपासून ६० अंशांचे दोन छेद घेऊन तयार झालेल्या त्रिकोणी पदरांची अदलाबदल करतात. त्यामुळे व्रणाची दिशा वळते आणि लांबी गणिताने सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात ती त्याहून कमी मिळते. सांध्यावर आखडलेल्या व्रणाला हाच उपाय. चेहऱ्यावरची लांब सरळ रेघ नागमोडी तोडली, तर नजर तिच्यामागे धावत नाही. खोलगट व्रणाखालचे धागे सुईने सोडवून तिथे रुग्णाचीच चरबी भरतात.

लेसर : लालीसाठी ५९५ नॅनोमीटरचा डाय लेसर, खरखरीत पोतासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर. गडद कातडीवर काळे डाग पडण्याचा धोका.

मोजमाप : व्हँकूव्हर स्केल (१९९०). रुग्णाचे मतही धरणारे पोसास स्केल (२००४).

संशोधन : गर्भावस्थेच्या साधारण चोविसाव्या आठवड्यापूर्वी झालेली जखम गर्भाच्या कातडीवर खुणेशिवाय भरते, असे प्रयोगांत दिसले. वाढघटक टीजीएफ-बीटा तीनचे त्यातील स्थान लक्षात आल्यावर मँचेस्टरच्या रेनोव्हो कंपनीने त्यावर आधारित अव्होटर्मिन हे इंजेक्शन विकसित केले. सुरुवातीच्या चाचण्यांनी आशा वाढवली होती, पण २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते अपयशी ठरले. थायरॉइड ग्रंथी खालच्या ओठाच्या आतून काढण्याच्या थायलंडमधून पुढे आलेल्या पद्धतीत बाहेर छेद राहतच नाही. ती सर्व गाठींना लागू पडत नाही.

विमा : भारतातील आरोग्यविम्यात निव्वळ रूपासाठीचे उपचार वगळलेले असतात. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या वगळणुकीतून सुटते. व्रणामुळे सांधा आखडला असेल, तर सर्जनच्या पत्रात तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.