अडगळींतील विद्या

बहुतेक घरांतून एखादा जुना डबा असतोच. उरलेले खिळे, हरवलेल्या कुलपाची किल्ली, बिजागरीची एक पात, गंजलेले नट आणि बोल्ट, तारेचें वेटोळें हें सारें 'कधीं तरी उपयोगी पडेल' म्हणून त्यांत सांठत जातें. त्या डब्याकडे वळलेला मुलाचा हात बहुधा मागें ओढला जातो. आणि त्याच मुलाच्या बुद्धीची वाढ व्हावी म्हणून बाजारांतून महागडें खेळणें विकत आणलें जातें. यांतील विसंगति सहसा लक्षांत येत नाहीं. परंतु शैक्षणिक खेळण्यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, त्यांतील एका जगप्रसिद्ध खेळण्याचा जन्म घरगुती खटपटींतूनच झाला, आणि पाऊण शतकानंतर त्याचें तत्त्व पुन्हां घरांतील क्षुद्र वस्तूंकडेच परत आलें.

लिव्हरपूल शहरीं फ्रँक हॉर्नबी नांवाचा गृहस्थ मांसाची आयात करणाऱ्या एका पेढीवर नोकरीस होता. तो इंजिनियर नव्हता. आपल्या मुलांसाठीं धातूच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून तो घरींच पूल, याऱ्या वगैरे करीत असे. प्रत्येक खेळण्यासाठीं निराळे भाग कापावे लागत. तेव्हां त्याला असें सुचलें कीं, पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर सारखीं भोकें पाडलीं, तर त्याच पट्ट्या नट-बोल्टांनीं जोडून आज पूल आणि उद्यां यारी करतां येईल. १९०१ सालीं त्यानें या कल्पनेचें पेटंट घेतलें. मुलांसाठीं 'शैक्षणिक साधन' असा उल्लेख त्या पेटंटाच्या शीर्षकांतच होता. १९०७ सालीं 'मेकॅनो' हें नांव नोंदलें गेलें, आणि पुढें ही पेटी जगभर पसरली. हिंदुस्थानांतहि ती शहरांतील संपन्न घरीं पोंचली. मात्र तिचें सारें सामर्थ्य भागांच्या अचूक मापांत होतें. अचूक माप म्हणजे कारखाना, आणि कारखाना म्हणजे किंमत. घरीं जन्मलेलें खेळणें अशा रीतीनें बहुसंख्य घरांना दुर्लभ झालें.

बालशिक्षणाच्या क्षेत्रांतहि हीच अडचण उभी राहिली. मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम येथील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलाची चूक साधनच दाखवून देतें, हा त्यांच्या साधनांचा विशेष. परंतु तीहि काटेकोर मापाचीं, म्हणून खर्चाचीं. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें. १९२३ सालीं त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें दादर येथें शिशुविहार चालविला. परंतु १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या, तेव्हां शहरांतील साधनें खेड्यांत परवडण्याजोगीं नाहींत हें उघड होतें. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं शंख-शिंपले, खडे, बिया आणि काटक्या यांनाच मोजण्याचीं व ओळखण्याचीं साधनें केलें. शाळेंत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणांतच शाळा नेली गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला.

खडे-शिंपल्यांनीं मोजणी शिकवितां येते. पण पूल कसा उभा राहतो, यंत्र कसें फिरतें, हें कसें शिकवावयाचें? या प्रश्नाचें उत्तर मध्य प्रदेशांत मिळालें. होशंगाबाद जिल्ह्यांत किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं १९७२ सालीं १६ माध्यमिक शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षण सुरू केलें होतें. कानपूरच्या आय.आय.टी.मधून अभियंता झालेले आणि पुण्यास टेल्कोमध्यें नोकरीस असलेले अरविंद गुप्ता १९७८ सालीं रजा घेऊन तेथें गेले. सायकलच्या झडपेंत बसविण्याची बारीक रबरी नळी त्यांच्या उपयोगास आली. तिच्या लहानशा तुकड्यांत दोन्ही बाजूंनीं आगपेटीच्या गूल खरवडलेल्या काड्या खुपसल्या कीं लवचिक सांधा तयार होतो. त्याच तुकड्यास कांट्यानें भोक पाडून तिसरी काडी घालतां येते. हाच काड्यांचा मेकॅनो होय.

या मेकॅनोंत चौकोन केला तर तो बोटाच्या दाबानें कलतो. त्रिकोण मात्र कलत नाहीं. चौकोनांत एक कर्णरेषा बसवितांच तोहि ताठ उभा राहतो. पुलाच्या कमानींत आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण कां असतात, हें मुलाला तेथें सांगावें लागत नाहीं. तें त्याच्या बोटांना कळतें. विजेच्या मोटारीचीहि तीच गोष्ट. एक घट, सायकलच्या रबराची पट्टी, दोन सेफ्टी पिना, मोडक्या ध्वनिवर्धकांतील लोहचुंबक आणि रोगण चढविलेल्या तांब्याच्या तारेचें वेटोळें एवढी तिची सामग्री. वेटोळ्याच्या टोकाचें रोगण तीन बाजूंनीं खरवडून चौथ्या बाजूस तसेंच राखावें लागतें. वीजप्रवाह फेऱ्याच्या कांहीं भागांत वाहतो, कांहीं भागांत थांबतो, आणि थांबलेल्या क्षणीं वेटोळें स्वतःच्या वेगानें पुढें जातें. चारी बाजूंचें रोगण काढल्यास वेटोळें नुसतें मागें-पुढें डुलत राहतें. चूक साधनच दाखवून देतें हें माँटेसोरींचें तत्त्व येथें फेकून दिलेल्या वस्तूंतहि शिल्लक राहिलें.

तेव्हां अशीं खेळणीं म्हणजे गरिबांसाठीं काढलेली हलकी नक्कल, असें समजणें चुकीचें आहे. विकतचें खेळणें तयार होऊन येतें. हें खेळणें मुलाच्या डोळ्यांदेखत तयार होतें, मोडतें आणि दुरुस्त होतें. अर्थात् पत्र्याच्या धारेवर, टोकदार पिनांवर आणि आगपेटीच्या गुलावर मोठ्या माणसाची नजर लागतेच. पैशांचा खर्च वांचला तरी वेळेचा खर्च वांचत नाहीं. किंबहुना घरोघरीं अडतें तें बहुधा येथेंच.

लिव्हरपूलचा मेकॅनो कारखाना १९७९ सालीं बंद पडला. होशंगाबादचा उपक्रमहि शेंकडों शाळांपर्यंत वाढल्यावर २००२ सालीं राज्य सरकारनें थांबविला. काड्यांचा मेकॅनो मात्र अनेक भाषांतील पुस्तकांतून पसरला, आणि पुण्याच्या आयुका संस्थेंत गुप्ता यांनीं अशीं शेंकडों खेळणीं मुलांपुढें मांडलीं. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ही विद्या थांबवावयास कोणता कारखाना किंवा कोणतें कार्यालय बंद करून भागणार नाहीं; कारण ती घरोघरच्या जुन्या डब्यांत आहे. तो डबा मुलापुढें उघडावयाचा कीं नाहीं, आणि घटकाभर त्याच्याजवळ बसावयाचें कीं नाहीं, हें मात्र घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे.