तेल सोडून सगळं बंद

हल्ली बातम्यांत एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘आर्थिक निर्बंध’. अमुक देशानं तमुक देशावर निर्बंध घातले, त्याचा माल घ्यायचा बंद केला, असं सांगतात आणि लगेच दुसरी बातमी सुरू होते. मग गटाच्या बैठकीत बायका विचारतात, हे निर्बंध म्हणजे नेमकं काय? लढाई तिकडे, मग सिलिंडरची काळजी आपण का करायची? याचं उत्तर द्यायला आज आम्ही एक खरी हकीकत सांगणार आहोत. ती सुमारे ९० वर्षांपूर्वीची आहे.

निर्बंधांमागचा विचार आपल्या म्हणीतलाच आहे : नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. एखादा देश दांडगाई करतोय, पण त्याच्याशी लढाई करायची नाही. मग त्याच्याशी देणंघेणं थांबवायचं. कर्ज द्यायचं नाही, माल विकायचा नाही, त्याचा माल घ्यायचा नाही. आपोआप वठणीवर येईल, अशी अपेक्षा.

आता गोष्ट ऐका. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीच्या फौजा आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात घुसल्या. या देशाला तेव्हा ॲबिसिनिया म्हणत. आपल्या जुन्या लोकांचा शब्द हबसाण. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार सांभाळणारा मलिक अंबर मूळचा याच मुलखातला. इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही होती आणि त्याला साम्राज्य हवं होतं. इथिओपियाचा सम्राट होता हैले सेलासी. त्याच्याकडे माणसं होती, धैर्य होतं, पण विमानं आणि रणगाडे जवळजवळ नव्हतेच.

पहिल्या महायुद्धानंतर जगातल्या देशांनी भांडणं मिटवायला राष्ट्रसंघ काढला होता. इटली आणि इथिओपिया दोघंही त्याचे सभासद. सम्राटानं तिथं दाद मागितली. राष्ट्रसंघानं काही दिवसांतच इटलीला आक्रमक ठरवलं आणि १८ नोव्हेंबर १९३५ पासून निर्बंध लागू केले. पन्नासच्या आसपास देश एकत्र येऊन एका देशाचं नाक दाबणार, असं जगात पहिल्यांदाच घडत होतं. इथिओपियातल्या लोकांनी मोठी आशा धरली.

पण बंद केलेल्या मालाची यादी वाचा म्हणजे गंमत कळेल. शस्त्रं बंद, कर्ज बंद, इटलीचा माल घेणं बंद. इटलीला रबर, कथील आणि काही धातू विकायचे नाहीत. ॲल्युमिनिअमही यादीत होतं, जे इटली स्वतःच बनवत होती. घोडे, खेचरं, गाढवं आणि उंटसुद्धा विकायचे नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. मात्र खनिज तेल आणि कोळसा त्या यादीत नव्हते. म्हणजे गाढव द्यायचं नाही, पण ट्रकला लागणारं पेट्रोल खुशाल न्या!

इटलीची खरी दुखरी नस तीच होती. त्या देशात तेल जवळजवळ निघत नव्हतं. चांगला कोळसाही फारसा नव्हता. डोंगरातल्या पाण्यावर वीज बनायची, पण विमान पाण्यावर उडत नाही. तेल रुमानिया, रशिया, इराण, अमेरिका अशा देशांतून यायचं. शिवाय लढाई घरापासून हजारो किलोमीटर दूर. प्रत्येक शिपाई, प्रत्येक पोतं पीठ जहाजानं न्यायचं आणि पुढं ट्रकनं. जहाजं जात सुएझ कालव्यातून. त्या कालव्यावर ब्रिटन आणि फ्रान्सचा वचक होता. कालवाही बंद झाला नाही. इटलीची जहाजं टोल भरून रोज पुढं जात राहिली.

मग तेल का थांबवलं नाही? कुणाला सुचलं नाही असं नाही. २ नोव्हेंबर १९३५ रोजी कॅनडाच्या प्रतिनिधीनं, वॉल्टर रिडेल यांनी, तेल, कोळसा आणि पोलाद यादीत घाला असं सुचवलं होतं. महिनाभरात त्यांच्याच सरकारनं हात झटकले : ते त्यांचं वैयक्तिक मत, आमचं नव्हे. ब्रिटन आणि फ्रान्सला भीती होती की तेल तोडलं तर मुसोलिनी आपल्यावरच उलटेल. शेजारी हिटलर वाढत होता, त्याच्याविरुद्ध इटली आपल्या बाजूला राहावी असंही त्यांना वाटे. आणखी एक कारण पुढं केलं जाई. अमेरिका राष्ट्रसंघात नव्हती. आपण तेल थांबवलं आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी विकलं, तर उपयोग काय? अमेरिकेच्या सरकारनं कंपन्यांना नेहमीपेक्षा जास्त माल पाठवू नका अशी विनंती केली, पण विनंतीला कायद्याचा जोर नसतो. तिकडची विक्री वाढली.

डिसेंबरात तर ब्रिटन आणि फ्रान्सच्या मंत्र्यांनी इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देऊन प्रकरण मिटवायचा गुपचूप बेत केला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तो फोडला. लोक खवळले आणि ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला, सॅम्युएल होर यांना, राजीनामा द्यावा लागला. फेब्रुवारी १९३६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं अहवाल दिला की सगळ्यांनी तेल थांबवलं आणि अमेरिकेनंही हात आखडला, तर साडेतीन महिन्यांत इटलीची कोंडी होईल. अहवाल आला, बैठका झाल्या, तेल चालूच राहिलं.

आता इटलीच्या घरांत काय चाललं होतं ते बघू. कारण निर्बंधांचा भार पडला तो तिथं. इटलीचा माल घेणारे देश कमी झाले, म्हणजे परकी चलन कमी झालं. बाहेरून काही आणायचं तर सोनं हवं. म्हणून १८ डिसेंबर १९३५ हा दिवस लग्नाच्या अंगठ्या देशाला देण्याचा ठरला. इटलीच्या भाषेत लग्नाच्या अंगठीला ‘फेदे’ म्हणतात आणि निष्ठेलाही तोच शब्द. रोममध्ये राणी एलेनानं पहिली अंगठी दिली. मागं बायकांच्या रांगा लागल्या. एकट्या रोममध्ये सुमारे अडीच लाख अंगठ्या जमल्या असं सांगतात. बदल्यात प्रत्येकीला पोलादी अंगठी मिळाली. आपल्याकडं मंगळसूत्रच मागितलं असतं तर काय वाटलं असतं, याचा विचार करा. काहींनी मनापासून दिली, काहींनी शेजारी काय म्हणतील म्हणून दिली. हुकूमशाहीत उघड नाही म्हणायची सोय नव्हती.

मांसाच्या विक्रीवर बंधनं आली. इंग्रजांचा चहा नको म्हणून ‘करकादे’ प्या असा प्रचार झाला. हे करकादे म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत! लोकर मिळेना तर लोणी काढलेल्या दुधापासून धागा काढून कापड विणलं. बाहेरच्या जगानं आपला गळा धरलाय, असं मुसोलिनी रोज सांगे आणि चिडलेले लोक त्याच्याच मागं उभे राहत. म्हणजे निर्बंधांनी हुकूमशहाला खाली खेचलं नाही. उलट त्याचा हात बळकट झाला.

आणि इथिओपियात? इटलीनं १९२५ च्या करारात विषारी वायू न वापरण्याचं वचन दिलं होतं. तरी डिसेंबर १९३५ पासून तिच्या विमानांनी मस्टर्ड वायूचा मारा केला. हा वायू कातडी जाळतो, डोळे घालवतो. सैनिकांवर पडला तसा गावांवर, गुरांवर, पाण्यावरही पडला. ही विमानं आयात केलेल्या तेलावर उडत होती. शेवटी हजारावर ट्रकांचा ताफा राजधानीकडं निघाला आणि ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडलं. तेही तेलाच्याच जोरावर.

३० जून १९३६ रोजी हैले सेलासी जिनिव्हाला राष्ट्रसंघात उभे राहिले. इटलीच्या पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. ते थांबले आणि मग आपल्या अम्हारिक भाषेत, आपल्या लोकांवर काय गुदरलं ते त्यांनी सांगितलं. लहान देशांना दिलेल्या वचनाची किंमत काय, हाच त्यांचा सवाल होता. दोनच आठवड्यांत, १५ जुलैला, राष्ट्रसंघानं निर्बंध उठवले.

दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, मुसोलिनीनं हिटलरला सांगितलं की निर्बंध तेलापर्यंत आले असते तर आठवड्याभरात इथिओपियातून माघार घ्यावी लागली असती. हिटलरच्या दुभाष्यानं हे लिहून ठेवलंय. यात बढाई किती आणि खरं किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण आपली दुखरी नस कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इटली मात्र त्या नसेतून सुटली नाही. कोळशासाठी ती आता जर्मनीवर विसंबली. १९४० मध्ये समुद्रातून येणारा जर्मन कोळसा ब्रिटननं अडवला, तेव्हा हिटलरनं आल्प्स ओलांडून रेल्वेनं महिन्याला १० लाख टन कोळसा पाठवायचं कबूल केलं. नाकावरचा हात बदलला, एवढंच. त्याच वर्षी १० जूनला इटली हिटलरच्या बाजूनं महायुद्धात उतरली. कोळसा हे एकच कारण नव्हतं, पण ज्याच्या कोळशावर गाडी चालते त्याला नाही म्हणणं अवघड असतं. दैवाचा खेळ असा की लिबिया हा देश तेव्हा इटलीच्याच ताब्यात होता. तिथल्या वाळूखाली तेलाचे मोठे साठे होते. ते सापडले १९५९ मध्ये, लिबिया स्वतंत्र झाल्यावर.

इथिओपियाच्या लोकांनी हार मानली नव्हती. शेवारेगेड गेडले या बाईंनी स्वतःची मालमत्ता विकून लढणाऱ्यांना शस्त्रं पुरवली, छळ सोसला, इटलीच्या तुरुंगात राहून आल्या आणि परत त्याच कामाला लागल्या. १९४१ मध्ये शेजारच्या एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात मोठी लढाई झाली. तिथं ब्रिटिश फौजेबरोबर आपले हिंदी शिपाई होते आणि त्यांत मराठा लाईट इन्फन्ट्रीची पलटणही होती. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून गेलेली पोरं त्या परक्या खडकांवर लढली. जे काम तेल थांबवून झालं असतं, त्यासाठी पाच वर्षांनी कुणाकुणाच्या लेकरांना जीव द्यावा लागला. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, सम्राट अदिस अबाबात परतले.

आता सिलिंडरकडं येऊ. आपल्या देशात वापरला जाणारा निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो, बराचसा आखाती देशांतून. म्हणून तिकडं जहाज अडलं की त्याची झळ आपल्या चुलीला लागते. म्हणून बातमी नीट ऐकायची. पुढच्या वेळी निर्बंध हा शब्द कानी आला की गटात बसून तीन गोष्टी विचारू या. यादीत काय घातलंय? यादीतून काय वगळलंय आणि ते वगळल्यानं कुणाचा धंदा चालू राहतोय? आणि अंगठी कुणाच्या बोटातून निघतेय?

तुमच्या गटात काय चर्चा झाली ते आम्हाला जरूर कळवा.